वाड्यावरची माती उतरवली

आमचं गाव नळदुर्गजवळ. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारताचं लष्कर सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं आणि बोरी नदीवरचा पूल त्यानं ताब्यात घेतला. त्या दिवशी आमच्या वाड्याच्या ढेलजेत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या ओसरीत, गल्लीतल्या बाया-लेकरांबरोबर एका गोंधळ्याचं बिऱ्हाडही दडून बसलं होतं. आजी सांगायची, संबळ गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. १७ तारखेला निजाम शरण आला. त्या नवरात्रात गोंधळ्यानं याच ढेलजेत देवीचा गोंधळ घातला, आणि तेव्हापासून दर साली तो आमच्याकडंच होतो.

दोन वर्षांमागं माळवद, म्हणजे वाड्याचं मातीचं सपाट छत, गळायला लागलं. भावकी म्हणाली, पाडा, स्लॅब टाका. त्यांचं चुकत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आमच्या भागात कोणी विसरलेला नाही. मातीच्या घराखाली झोपायचं म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. मीही पाडायच्याच विचारात होतो.

मग एका म्हाताऱ्या सुतारानं तुळईला पटाशी टोचून पाहिली. म्हणाला, "मालक, लाकूड सागाचं हाय, खण भक्कम हाय. वरची माती मारतीय ह्याला." दर पावसाळ्यात गळलं की वर नवी माती टाकायची, जुनी कधी काढायचीच नाही, थर दोन हात झाला होता. किल्लारीतही जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं यांनीच माणसं गाडली. खांब-तुळयांचा लाकडी खण चांगला होता तिथं भिंती ढासळूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला.

भावकीच्या सह्या मिळवण्यात उन्हाळा गेला. पुढच्या वैशाखात काम धरलं. घमेल्या-घमेल्यानं माती उतरवली. वर चोपण माती, मग पांढरी माती, मग कुजून काळा झालेला पाला, तळाशी किलचण, म्हणजे मातीखालचा बारीक लाकडांचा थर. सडलेली किलचण बदलली, वर वीतभरच माती घातली आणि पन्हाळाकडं उतार दिला. भिंतीचे आतले-बाहेरचे पदर सुटू नयेत म्हणून आरपार दगड बसवले. हे काम माती उतरवण्याइतकंच गरजेचं, ते टाळू नका. मिरगाच्या आत उरकलं.

ढेलजेतल्या तुळईवर गोंधळाच्या दिवटीची काजळी आहे. रंगाऱ्याला ती घासू दिली नाही.

नवरात्रात त्या गोंधळ्याच्या नातवानं तिथंच ज्वारीची ताटं उभी केली, चौक मांडला. तुळजापूर, माहूर अशी एकेका ठाण्याची देवी बोलावत पहाट झाली. मागच्या सोप्याचं माळवद अजून तसंच आहे. ते संक्रांतीनंतर उतरवणार.