फाइलभर टाचच

"टाच टेकत नाही," एवढीच तक्रार घेऊन ती सात वर्षांची मुलगी आली होती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडलेला; दोन्ही पाय ताठ. धरलं तर उभी राहते, एरवी व्हीलचेअर. फाइल जाडजूड: टाचेचे व्यायाम, स्प्लिंट, ताठ स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं. खुब्याचा एक्स-रे मात्र एकही नाही.

टाचेआधी मी मांड्या फाकवून पाहिल्या. डावी उघडली, उजवी अडली. आई लगेच म्हणाली, "म्हणून तर पँट आधी उजव्या पायात घालते. डायपर बदलताना रडतेही." तिला हे कधीपासून ठाऊक होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला. पहिला मी परत पाठवला. कात्रीसारखे अडकलेले पाय तसेच ठेवून काढला होता. अशाने सांधा आहे त्याहून जास्त सरकलेला दिसतो. टेक्निशियन वैतागला. मग मीच आत गेले. गुडघ्यांखाली उशी दिली, कंबरेचा बाक टेबलाला टेकवला, पाय सरळ रेषेत आणले, गुडघ्याच्या वाट्या छताकडे वळवल्या. ही पाच मिनिटं कुणी देत नाही आणि नंतर आकड्यांवरून वाद घालत बसतात.

खुब्याच्या खोबणीच्या बाहेरच्या काठावरून उभी रेघ मारायची आणि मांडीच्या हाडाचं डोकं तिच्याबाहेर किती गेलंय ते मोजायचं. 30 टक्क्यांच्या पुढे आम्ही सावध होतो. हिचं उजवीकडे 60 टक्क्यांच्या वर.

मेंदूची इजा वाढत नाही. पण आत ओढणारे ताठ स्नायू वाढत्या हाडाला वर्षानुवर्षं बाहेर ढकलत राहतात, आणि सुरुवातीला दुखतही नाही. न चालणाऱ्या मुलांना धोका सर्वाधिक, सर्वांत गंभीर गटात तर 90 टक्क्यांपर्यंत. म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे हवाच. पण फिजिओला वाटतं डॉक्टर बघतील, मेंदूविकारवाल्यांना वाटतं हाडवाले बघतील, आणि हाडवाल्यांकडे मूल पाठवलं जातं ते टाचेसाठी.

मांडीचं हाड कापून वळवावं लागेल, खोबणीलाही छत द्यावं लागेल, हे सांगितलं. वडील बराच वेळ एक्स-रे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं मोठं नको. टाच तेवढी करून द्या."

नुसती टाच करणार नाही, म्हटलं. खुब्यासोबत एकाच भुलीत करता येईल, हेही सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. दुसरीकडे कुणी टाच करून दिली असेल का, ते मला माहीत नाही.