श्रीची वेलांटी

गेल्या रविवारी दुपारी समोरच्या इमारतीतल्या मित्राकडे त्याचं ड्रिल मशीन परत करायला गेलो आणि अडकलो. जेवणाच्या टेबलावर हिरवं मखमली कापड अंथरलेलं, पडदे सरकवलेले, आणि चार डोकी टेबलावर वाकलेली. पत्त्यांचा डाव असेल म्हणून मी खुर्ची ओढली. डाव नव्हता. मित्राला नाणी जमवायचं वेड आहे, तसंच वेड असलेली ही मंडळी. त्या दिवशीचा नियम असा की प्रत्येकानं एकच नाणं आणायचं. सगळ्यात महागाचं नव्हे, सगळ्यात आवडतं.

चहा मात्र आतल्या खोलीत जाऊन प्यायचा. नाण्यांजवळ कप दिसला तर मित्र माणूस बघत नाही, हाकलतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी आणला होता १९५७ सालचा एक नवा पैसा. शर्टाच्या बटणाहून थोडा मोठा, काशाचा, वर बारीक अक्षरांत ‘रुपये का सौवाँ भाग’. १ एप्रिलला हे नवे पैसे आले तेव्हा काका आठ वर्षांचे होते. म्हणाले, “रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणजे आण्याला सव्वासहा. आता पाव पैसा आणायचा कुठून? मग कोष्टक निघालं. एक आणा म्हणजे सहा, दोन आणे बारा, आणि तीन आणे एकोणीस!” आईनं तीन आण्यांची साखर आणायला धाडलं की हे पठ्ठे एकेक आण्याची तीनदा घ्यायचे. अठरा पैशांत काम, एक पैसा खिशात. वाण्याच्या लक्षात यायला आठवडा लागला. तो मिळवलेला पैसा हाच का, असं मी विचारलं. काका नुसते हसले. बँकेतला माणूस, हिशोब उघड करत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी पुतळी आणली होती. दातांच्या डॉक्टरकडे सोनं असायचंच. मूळचं हे नाणं व्हेनिसचं, त्यावर तिथला राजप्रमुख एका संताच्या पुढ्यात गुडघे टेकून बसलेला. व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्याकडे आलं, आपल्या बायकांना त्यात पुतळ्या दिसल्या, आणि झाली पुतळ्यांची माळ. डॉक्टरांच्या नाण्याला माळेची कडी तोडल्याची खूण होती. ते नाणं दोन बोटांनी कडेला धरून असे बघत होते की मला उगाच तोंड उघडावंसं वाटलं.

कॉलेजातल्या मुलीनं काढली गेंडा असलेली चवन्नी. पंचवीस पैसे ३० जून २०११ला चलनातून गेले तेव्हा ती पहिलीत होती. वाण्यानं सुट्टे म्हणून दिले आणि पुढे कुणी घेतलेच नाहीत. “म्हणून आवडतं,” ती म्हणाली. “खर्चायला गेले होते, खर्चच होईना.”

मी जमवणारा नाही. पण मित्रानं एक खोड लावून ठेवली आहे. सालाच्या खाली बघायचं: पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. थोरल्या घराण्यातल्या माणसाला नाव सांगावं लागत नाही, तसं. या खोडीपायी भाजीवाल्या मावशी माझ्यावर जाम वैतागतात. “दादा, खोटं न्हाई त्ये, ठेवा की खिशात.”

आणि खरं सांगायचं तर मला नाण्यांच्या किमतीपेक्षा आकाराचंच जास्त वेड होतं. ऐंशीच्या दशकात वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं षटकोनी नाणं निघालं. मे महिन्यात शहाबादी फरशीवर पालथं पडायचं, एक नाणं मधे ठेवायचं आणि भोवती सहा लावायची. कडेला कड अशी बसायची की मधे नखसुद्धा जात नसे. सात पाकळ्यांचं फूल, किंमत एक रुपया चाळीस पैसे. पण सातवं नाणं कधीच वेळेवर नसायचं, कारण सहा झाली की बर्फाचा गोळेवाला यायचा. पाच पैशांचं चौकोनी नाणं त्या जागी बसवून बघितलं होतं. छे.

हे मी टेबलावर सांगितलं तर सगळे एकदम माझ्याकडे वळले. “मग तुमचं आवडतं कोणतं?”

मी उठलो, रस्ता ओलांडून घरी गेलो आणि देवघरातली शिवराई घेऊन आलो.

ती आजीची. आजीकडे कुठून आली, विचारायचं राहिलं. तांब्याचं जाडसर, वेडंवाकडं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असायला हवं. आजी दर सोमवारी देव घासायची, ताम्हन, पळी, बाळकृष्ण, आणि त्यातच ही. चिंचेचा कोळ आणि चिमूटभर राख. अंगठ्यानं गोल गोल. मग सुती पदरानं पुसून बाळकृष्णाच्या शेजारी ठेवायची आणि नाणं नव्या पातेल्यासारखं लखलखायचं.

मी ते मखमलीवर ठेवलं. कुणी काही बोलेना. डॉक्टरांनी भिंग लावलं, नाणं फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“हे घासलं कुणी?”

आवाज असा, की जणू कुणी दाढ दाराला बांधून उपटली होती. जुन्या नाण्याला पाणीसुद्धा लावू नये म्हणतात. त्यावरचा काळसर थर हेच त्याचं वय. माझ्या शिवराईला वयच नव्हतं. राजा गेला, शिव गेला, छत्रपतीही गेले. काकांनी बऱ्याच वेळानं बोट ठेवलं, “ही बघा, श्रीची वेलांटी आहे अजून.” मग भिंग एकेकाच्या हाती फिरलं आणि चौघांनी ती वेलांटी पाहिली.

मित्राचं आवडतं नाणं कोणतं ते बघायचं राहून गेलं. ड्रिल मशीनही मी परत घेऊनच आलो, विसरून.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आजकाल देव मीच घासतो. शिवराई हातात आली तेव्हा ती बाजूला ठेवावी, असं मनात आलं. मग चिंच लावली. फक्त वेलांटीवरून अंगठा जरा हळू फिरवला.