गोडं पाणी, गोड पाणी

१८ ऑगस्ट २००६, शुक्रवार, रात्रपाळी. पेपरच्या डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं सुटली होती आणि शहर आवृत्तीला अजून वेळ होता. त्या मधल्या वेळात डेस्कवर वडापाव असतो, इन्क्रिमेंटच्या अफवा असतात आणि उद्याच्या राशिभविष्याचं प्रूफ असतं. हे प्रूफ आम्ही दोनदा वाचायचो. कन्या आणि तूळ यांचा मजकूर उलटसुलट झाला तर सकाळी फोन थांबायचे नाहीत. पावसाचे मिलिमीटर चुकले तर एकही फोन यायचा नाही.

तेवढ्यात माहीमहून खबर आली. समुद्राचं पाणी गोड झालंय, लोक बाटल्या भरतायत, माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूमबाबांची कृपा म्हणतायत.

आमचा रिपोर्टर तासाभरात जाऊन आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मिनरल वॉटरची बाटली, आत फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. बाटली माझ्या टेबलावर ठेवून तो कॉपी, म्हणजे बातमी, लिहायला बसला. पोरगा हुशार. गर्दीशी बोलून झालं की गर्दीच्या कडेला उभा असलेला माणूस शोधायचा. त्याच्या कॉपीत कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्याचं वाक्य होतं, "पावसाळ्यात ओहोटीला वरचं पाणी गोडं होतंच, त्यात काय?" रिपोर्टरने स्वतःही थेंबभर जिभेला लावून पाहिलं होतं आणि चवीसाठी शब्द वापरला होता 'मचूळ'.

खरी बातमी या दोन ओळींत होती. मिठी नदी माहीमच्या खाडीतच येऊन मिळते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाचं पाणी त्याहून हलकं, ते लगेच मिसळत नाही, सायीसारखं वर तरंगत राहतं. ओंजळीत यायची ती हीच साय. आणि मिठी म्हणजे काय ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. विहार आणि पवई तलावांचं भरून वाहिलेलं पाणी घेऊन निघते आणि अठराएक किलोमीटरांत वाटेतली सगळी गटारं पोटात घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच मिठीला सगळ्या शहराने शिव्या घातल्या होत्या. तिच्यातल्या घाणीवर आम्हीच रकाने भरले होते. वर्षभराने माणसं तीच मिठी तान्ह्या पोरांना पाजत होती.

हेडिंग मी दिलं, 'माहीमचे पाणी गोड!'

खारं नसलेल्या पाण्याला आपण गोडं म्हणतो. गोड्या पाण्याची विहीर, गोड्या पाण्यातले मासे. त्यात साखरेचा संबंध नाही. म्हातारा 'गोडं' म्हणाला होता. आमच्या पेपरात हेडिंगमध्ये बोलीतला अनुस्वार चालत नसे, म्हणजे नियमाने 'गोडे' व्हायला हवं होतं. पण 'माहीमचे पाणी गोडे' वाचताना पाणीकपातीची बातमी वाटते. मी मात्रा काढली आणि चमत्कार झाला. 'मचूळ' सुद्धा मीच काढला, वाचकाला कळणार नाही म्हणून. मराठी वाचकाला मचूळ कळणार नाही!

मग फोटो आला. एक बाई बाळाच्या ओठांशी ओंजळ धरून, मागे टॉर्चचे झोत. वृत्तसंपादकांनी तीन कॉलमी फोटो चार कॉलमी केला. ऑपरेटर म्हणाला, अकरा ओळी ओव्हर. बातमी कापायची ती खालून, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. महत्त्वाचं वर, किरकोळ तळाशी. शेवटच्या अकरा ओळींत रिपोर्टरने झोपेतून उठवलेला पालिकेचा एक डॉक्टर होता. हे पाणी पिऊ नका, जुलाब होतील, कावीळ होईल, असं सांगणारा. मला कोणी कापायला सांगितलं नाही. इतकी वर्षं हात तिथूनच कापत आला होता, तो आपोआप तिथे गेला.

वृत्तसंपादकांना मी 'चमत्कार' या शब्दाबद्दल विचारलं. "अरे, आपण कुठे म्हणतोय चमत्कार झाला? लोक म्हणतात असं म्हणतोय." गृहस्थ घरी गणपतीही बसवत नसत. देवभोळे संपादक मला फारसे भेटलेच नाहीत; देवभोळ्या बातम्या बहुतेक नास्तिकांनीच पहिल्या पानावर लावलेल्या पाहिल्यात.

शनिवारी दुपारपर्यंत पाणी परत खारं झालं. ती बातमी पान पाचवर, एक कॉलम. सोमवारपर्यंत उत्तरेकडच्या मूर्ती दूध प्यायला लागल्या. आता मात्र मी कात्रणांची फाइल काढली. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायले, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि चमचा घेऊन रांगेत उभा राहिलो होतो. दूध ओढलं जाताना हाताला जाणवतं, खोटं नाही. चमचा कलता धरून काठ ओल्या दगडाला टेकवला की पृष्ठताणाने दूध खेचलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, तेव्हा तो थर सगळ्यांना दिसला. अकरा वर्षं उत्तर फाइलीत पडून होतं. मी पाव पान मागितलं, मला चौकट मिळाली. वर हेडिंग 'श्रद्धा की विज्ञान?' आणि खाली, आपलं मत एसएमएस करा. पृष्ठताणावर मतदान!

हल्ली मी वेबसाइटवर आहे. तिथे ओळी ओव्हर होत नाहीत, कापावं लागत नाही. डॉक्टर अजूनही तळाशीच असतो.

बाटली राहिलीच. शनिवारी रात्री कामावर आलो तेव्हा ती टेबलावर तशीच होती, तळाला बोटभर गाळ, वर बऱ्यापैकी नितळ. आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, नको असेल तर मी नेऊ? आईला हवंय, तिने आपला पेपर वाचला."

मी म्हटलं, अरे, ते पिऊ नको, गटाराचं पाणी आहे, काविळीने मरशील.

तो माझ्याकडे बघत राहिला. "पेपरात तसं काही नव्हतं."