वीस गुंठे

चावडीवर चिकटवलेली फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस सहसा कुणी वाचत नाही. पंधरा दिवस ती फडफडते, हरकत आली नाही की नोंद मंजूर होते आणि ज्याचं जायचं त्याचं जातं. ही नोटीस मात्र सातवीतल्या एका पोरीनं वाचली. शाळेला जाताना वडिलांचं नाव दिसलं म्हणून थांबली. वहीच्या मागच्या पानावर गट नंबरासकट सगळा मजकूर उतरवून घेतला आणि घरी येऊन आईला म्हणाली, "मम्मी, त्यांनी भैयाचं नाव लिवलंय, आपलं दोघींचं राहून गेलंय."

तिला वाटलं, चुकून राहिलं.

मी धाराशिव जिल्ह्यात एकल महिलांमध्ये काम करते. विधवा, टाकून दिलेल्या, नवरा कामाला म्हणून पुण्याला गेला तो परत फिरकलाच नाही अशा. महिन्याच्या बैठकीला ही बाई ती वही घेऊन आली. नवरा 2024 च्या जानेवारीत गेलेला. शेतीला लाईट रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, ओल्या हातानं मोटारीच्या पेटीला हात लावला आणि तिथंच चिकटला. मागं ही तिशीतली बाई, पोरगी आणि सहा वर्षांचा पोरगा. बैठकीत ती एक शब्द बोलली नाही, नुसती वही पुढं केली.

पोरीचं अक्षर टपोरं. त्यात लिहिलेलं: मयताचा वारस मुलगा, अ.पा.क. चुलता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस अठराच्या आतला असला की त्याच्या नावापुढं पालनकर्त्याचं नाव सातबाऱ्यावर लागतं, पोरगं सज्ञान झालं की ते काढता येतं. बाप नसेल तर कायद्यानं पालनकर्ती आई. इथं आई धडधाकट, घरात भाकऱ्या थापतेय, आणि कागदावर पालनकर्ता चुलता. पुढची बारा वर्षं दोन एकराचा कारभार त्याच्या हातात, आणि बायको-मुलीचा मागमूस नाही. ज्यानं कुणी ही वर्दी, म्हणजे वारसांची खबर, लिहून दिली तो कच्चा गडी नव्हता.

हरकतीला थोडेच दिवस उरले होते. बाईचा अर्ज, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले असं सगळं जोडून आम्ही हरकत दिली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही, हे मी आईकडून शिकले. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरं उभी करायच्या कामात आमच्या भागात गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून गावोगाव बायका संवाद सहायक नेमल्या होत्या, त्यांत ती होती. त्याआधी चावडीची पायरी न चढलेल्या बायका इंजिनिअरला सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारायला लागल्या. आमच्याकडं बाईनं चारचौघांत तोंड उघडायला सुरुवात झाली ती तिथून, असं माझं मत आहे. बचत गट वगैरे त्यानंतरचं.

इथं थोडं आडवळण घेते. नवरा गेलेल्या बाईला मदत करायची म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना पहिल्यांदा शिलाई मशीन आठवतं. वाटपाचा कार्यक्रम होतो, हार, फोटो, बातमी. मशिनीला माझा विरोध नाही. पण खेड्यात ब्लाउज शिवून शिवून किती शिवणार? कितीतरी घरांत ती मशीन मी बघितली आहे, वर जुनं लुगडं टाकलेलं आणि त्यावर गाद्यांची चळत. त्याच घराची शेती दीर कसत असतो आणि वर्षाला दोन पोती ज्वारी उपकार म्हणून टाकतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, पी.एम. किसानचे वर्षाचे 6000 नाहीत, हमीभावाच्या केंद्रावर माल घेत नाहीत. आणि ह्या बाईच्या बाबतीत तर अपघाती मृत्यू झालेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारचे 2 लाख मिळतात, त्या अर्जालासुद्धा वारसाची मंजूर नोंद लागते. दिराला एवढी घाई का झाली होती, ते आता ध्यानात येईल.

महसूल खात्याच्या मंडळ अधिकाऱ्यांपुढं सुनावणी लागली ती मे महिन्यात. मिरग तोंडावर आलेला. बी-खताची तजवीज नवऱ्याच्या नावावर व्हायची, आता कुणाच्या नावावर करायची हा प्रश्न होताच.

कार्यालय म्हणजे एक खोली. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं भिंतीला लावलेली, पंखा नुसता आवाजापुरता. दीर आधीच येऊन बसला होता, सोबत गावातले दोन शहाणे आणि मोटारसायकलवर मागं बसवून आणलेली त्याची म्हातारी आई. म्हातारी कोपऱ्यात भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर दातात धरून. आमची बाई तिच्या पाया पडली. म्हातारी काही बोलली नाही, पोरगी तेवढी आजीला जाऊन चिकटली.

मला बघून दिरानं तोंड वाकडं केलं. "ह्या कोण? आमच्या घरच्या कामात बाहेरचं माणूस कशाला?"

"बसू द्या त्यांना," साहेब म्हणाले. "कार्यालय काय तुमचं घर न्हाई."

दिराचं म्हणणं मी इथं प्रामाणिकपणे लिहिते, कारण तो माणूस काही राक्षस नव्हता. भावाचा दहावा-तेरावा त्यानंच केला होता. हरभरा त्यानंच काढला होता. तो म्हणाला, "साहेब, वयनी अजून तरण्या हायेत. उद्या दुसरं लगीन केलं तर बापजाद्यांची जमीन जायची दुसऱ्याच्या घरात. पोराच्या नावानं ऱ्हाऊ द्या. पोरगं आमच्या रक्ताचं हाय."

हे मी इतक्या घरांत ऐकलंय की पुढचं वाक्य आधीच येतं डोक्यात. साहेबांनी मात्र त्याला नीट समजावून सांगितलं. 1956 चा हिंदू वारसा कायदा. पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा, मुलगा, मुलगी आणि मयताची आई, सगळ्यांना सारखा वाटा. विधवेला एकदा वाटा मिळाला की ती त्याची पुरी मालक. तिनं पुढं लग्न केलं म्हणून तो वाटा माघारी येत नाही. आणि भाऊ, साहेब त्याच्याकडं बघून म्हणाले, ह्यात कुठंच बसत नाही.

खोली गप्प झाली. मग त्या शहाण्यांपैकी एकानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मग साहेब, म्हातारीचं हक्कसोडपत्र घ्या. ती तिचा वाटा सोडतीय, थोरल्या लेकाच्या नावानं. अंगठा देतीय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की म्हातारीला कशासाठी आणलंय. सगळं हातचं जातंय म्हटल्यावर निदान चौथा हिस्सा तरी खिशात घालायचा. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, चार वारस, म्हातारीच्या वाट्याला वीस गुंठे. आणि ते वीस नेमके विहिरीकडचे मागितले असते, ह्याबद्दल मला शंका नाही.

कोतवालानं शाईचा पॅड पुढं सरकवला. उन्हानं तो सुकून कडक झाला होता. त्यानं तांब्यातलं पाणी चार बोटांनी शिंपडलं, अंगठ्यानं चोळून शाई ओली केली. दीर आईला हात धरून उठवायला लागला.

"कशाचा हाय ह्यो अंगठा?" म्हातारीनं विचारलं.

"काय न्हाई गं, वाटणीचा," दीर.

"कुणाच्या वाटणीचा?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजी, तुमच्या लेकाच्या जमिनीत तुमचा बी वाटा निघतोय. वीस गुंठे. तो तुम्ही थोरल्याला देऊन टाकता असं हे म्हणत्यात. तुमची राजीखुशी हाय का?"

म्हातारीनं पदर दातातून सोडला. "माझा वाटा? माझ्या नावानं?"

"व्हय."

"वीस गुंठं म्हंजी किती?"

साहेबांना चटकन सांगता येईना. पोरगीच म्हणाली, "आज्जे, लिंबापासून खालच्या बांधापर्यंत आसंल बघ."

म्हातारी तिथंच खाली बसली. मग बोलायला लागली ते कुणाकडं न बघता. नवरा गेला तेव्हा असाच एक कागद आणला होता, तेव्हाही अंगठा घेतला होता. दोन्ही लेकांची नावं लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं की त्यात तिचंही काही होतं. "तवा बी इचारलं न्हाई कुणी. म्या म्हनलं लेकाचं ते माझंच. त्या रानातलं दगूड न् दगूड म्या येचलंय." मग थोरल्याकडं वळून, "रेशनच्या मशिनीवर माझा अंगठा उमटत न्हाई म्हनून चार-चार बारी माघारी येती म्या. तवा तू कवा गाडीवर बसवून न्हेलंस का मला?"

दीर म्हणाला, "आई, घरी बोलू."

"घरी न्हाई. हितंच बोलायचं. म्या न्हाई अंगठा देत."

आमच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, सासू आपल्या बाजूनं उभी राहिली. तिनं हात जोडून म्हटलं, "आत्या, तुमचा वाटा मी नीट कसून दीन."

"तुला कुठं दिला म्या?" म्हातारी तिच्यावरच खेकसली. "माझा माझ्या नावानं ऱ्हाऊ दे. थोरल्याला न्हाई, तुला बी न्हाई."

मला हसू आवरेना. साहेबसुद्धा खाली मान घालून कागद चाळायला लागले. मग त्यांनी शहाण्यांना सांगितलं की हक्क असा कागदाच्या चिठोऱ्यावर सुटत नसतो, त्याला दुय्यम निबंधकाकडं नोंदणी करावी लागते, आणि आजी तर नाहीच म्हणतायत. जबाब लिहून घेतला. म्हातारीचा अंगठा शेवटी लागलाच, पण 'माझा हिस्सा सोडण्यास माझी संमती नाही' ह्या ओळीखाली. पुसट आला, तर कोतवालानं परत घेतला.

आधीची नोंद रद्द झाली. नवीन नोंदीत चार नावं लागली: मयताची आई, बायको, मुलगी, मुलगा. दोन्ही पोरांपुढं अ.पा.क. आई. सातबारा हातात आला तेव्हा पोरीनं स्वतःचं नाव बोटानं दाखवलं, आणि आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय असं मला सांगितलं. दुरुस्तीचा अर्ज तेवढा वेगळा करावा लागला.

बाईनं त्या खरिपाला पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पेरलं. गटातल्या बायकांनी सावड केली, खुरपणीला एकमेकींच्या रानात गेल्या. मोबाईलवर ई-पीक पाहणी पोरीनं केली, रानात उभं राहून सोयाबीनचा फोटो काढून. त्यामुळं हमीभाव केंद्रावर नाव नोंदवता आलं. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, आडतीवर त्याहून बरंच कमी मिळत होतं. पाऊस आणि पोत्यांची टंचाई ह्यात माल तसाच पडून राहील की काय अशी धास्ती होती, पण गेला एकदाचा. दोन लाखांच्या अर्जातल्या त्रुटी आम्ही अजून पुऱ्या करतोय.

ह्या प्रकरणानंतर मी बैठकीत नवरे हयात असलेल्या बायकांनाही बोलवायला लागले. नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्यानं अर्ज द्यायचा, एवढंच. हे 'एवढंच' किती अवघड आहे ते ज्यांनी घरात विषय काढून बघितलाय त्यांना विचारा. काही नवरे मेलो तरी देणार नाही म्हणतात. आणि खरंच तसंच होतं.

आता त्या घरचं सांगायचं तर दिरानं पाण्याची पाळी अडवायला सुरुवात केलीय. विहीर सामाईक आहे, तिची नोंद सातबाऱ्यावर आहे, तरी त्याचं भांडण वेगळं उभं राहणार असं दिसतंय. शिवाय त्यानं प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, अपील केलंय. म्हातारी राहायला अजून थोरल्याकडंच आहे, पण तिचे वीस गुंठे तिनं सुनेला बटईनं दिलेत. निम्मं म्हणजे निम्मं. मापाच्या दिवशी खळ्यावर स्वतः येऊन बसते आणि पोतं गच्च भरलंय का बघायला वरून हातानं दाबते. सून माझ्याकडं कुरकुरते, "ताई, बियाण्याचा खर्च बी धरत न्हाईत आत्या." मी म्हटलं, पुढच्या साली कागद करून घे.

अपिलाची तारीख लागलीय. म्हातारीनं निरोप धाडलाय की तिलाही यायचंय, आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे मी द्यायचेत.