इंजिन न उतरवता रंग, आणि मधेच निघालेला डॉलर

गडहिंग्लजकडून आलेल्या त्या फियाट पद्मिनीचे मालक निवृत्त हेडमास्तर. आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात बॉनेट उघडलं आणि त्यांनी आधी अट घातली, "मिस्त्री, इंजिन खाली उतरवायचं नाही. आहे तिथंच रंगवायचं."

अट रास्तच होती. उतरवायचं म्हटलं की गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशनं, सगळं सुटं करा, आणि जुन्या गाडीचा एक नट सोडला की शेजारचा तुटतो. त्यात पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, लहानखुरं. रेडिएटर, पंखा, बॅटरी आणि डायनामो काढले की दोन्ही अंगांनी हात सरळ आत जातो. हल्लीच्या गाड्यांत बोट घालायला जागा नसते, तिथं मी हे काम घेतच नाही.

सरांना लाल रंग हवा होता. मी म्हटलं, "सर, फिकट राखाडी लावू. लाल दोन महिन्यांत मळकट दिसेल, आणि राखाडीवर तेल कुठून गळतंय ते लगेच दिसतं." डायनामोच्या ब्रॅकेटमागं जुन्या राखाडी रंगाचा तुकडा शिल्लक होता, तो दाखवल्यावर सर तयार झाले.

या कामात रंग शेवटी येतो. आधी फक्त धुणं आणि खरवडणं. तेल आणि धूळ मिळून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, जो थर बसतो तो घासलेटानं मऊ करायचा, पत्र्याच्या पट्टीनं काढायचा, मग तार ब्रश, मग साबणाचं गरम पाणी, सुकल्यावर थिनरचं फडकं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत डब्याचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. कार्बोरेटरचं तोंड आणि डिस्ट्रिब्युटर पिशवीत बांधून ठेवले. इंजिन नंबरवर ना ब्रश ना पॉलिश पेपर, नुसतं ग्रीसचं बोट. रंग पडला तरी पुसून निघतो. गाडी पंधरा वर्षांच्या पुढं गेली की दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवावी लागते. तिथं नंबर पुसट दिसला की मालकाचे हेलपाटे सुरू.

पोरगं ब्लॉकच्या मागच्या भागावर तार ब्रश मारत होतं. "मिस्त्री, इथं पाणी पाझरतंय," म्हणालं. बघितलं तर शेवटच्या सिलिंडरजवळच्या डॉलरवर गंजाचा ठिपका आणि त्यातून पाणी. डॉलर म्हणजे ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेवर ठोकून बसवलेलं पत्र्याचं झाकण. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच टेकवली तर पत्रा आत गेला. एवढे दिवस तो तेलकट थरच पाणी धरून बसला होता!

सर खुर्चीवरून उठले. "रंगवायला आणली आणि तुम्ही भोक पाडलंत की हो!"

"भोक आधीच होतं सर. आता दिसलं एवढंच."

डॉलरच्या एका कडेवर पंच ठेवून ठोका मारला, तो आडवा फिरला, पक्कडीत धरून ओढला. थोडं पाणी आलं आणि थांबलं. आत बोट घातलं तर पाण्याची जागाच नाही, नुसता लालसर गाळ, विटेच्या चिखलासारखा घट्ट. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातल्याचा परिणाम. पाणी पंपाकडून पुढून येतं, मागच्या सिलिंडरपाशी त्याचा जोर कमी, म्हणून गंज आणि क्षार तिथंच बसतात.

मी विचारलं, "सर, गाडी घाटात तापते का?"

"आंबा घाटात दर वेळी. रेडिएटरचा कोर नवा टाकला, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच."

दुपार गाळ काढण्यातच गेली. हाताला लागणारे बाकीचे डॉलरही काढले, वाकड्या तारेनं उकरलं, नळीचं पाणी सोडलं. पाणी नितळ यायला संध्याकाळ झाली. नवे डॉलर पितळेचे घेतले, कारण ते गंजत नाहीत. बैठक घासून, सीलंट लावून, मापाच्या सॉकेटनं सरळ ठोकले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, तोही परत बसवला. तो काढून टाकायची आपल्याकडची खोड मला मुळीच पटत नाही. इंजिन मग थंडच चालतं आणि पेट्रोल जास्त पितं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थिनर, मग रंग. जागेवर स्प्रेपेक्षा मला ब्रश बरा वाटतो. स्प्रेचा धूर वायरिंगवर आणि काउलवर बसतो. इंजिन इनॅमल, पातळ दोन हात, मागचा भाग आरसा धरून. ब्लॉकवरचं झाकण, म्हणजे हेड, अ‍ॅल्युमिनियमचं, ते फक्त साफ केलं. साधा रंग त्यावर नीट धरत नाही, पोपडे येतात. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाही तो रंग चालत नाही. इनॅमल साधारण २५० अंशांपर्यंत टिकतो, मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापतो. त्याला ६०० अंशांचा काळा सिलिकॉन रंग लावला.

रंग नीट सुकू दिला, मग सगळं जोडून, कूलंट भरून गाडी चालू केली. थोड्या वेळात ब्लॉकवरून धूर आणि उग्र वास. सर घाबरले. रंग भाजतोय, होऊ दे म्हटलं. बंद करून गार केली, पुन्हा चालू केली. तिसऱ्यांदा वास बराच उतरला. तापमानाचा काटा मधोमध उभा होता.

आठवड्यानं नट आवळायला सर आले ते घाटातून जाऊन आले होते, गाडी तापली नव्हती. बॉनेट उघडलं तर एसी पंपाच्या, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या, पॅकिंगखाली राखाडी रंगावर तेलाची काळी रेघ. पॅकिंग बदललं आणि सरांना म्हटलं, लाल असता तर ही रेघ दिसायला दिवाळी उजाडली असती.