वठलेल्या झाडाचे दोन वाटेकरी

युरोपातल्या रोझालिया अल्पायना या भुंगेऱ्यावर माझा फार जीव आहे. निळसर राखाडी अंग, त्यावर मखमली काळे डाग, अंगाहून लांब मिशा आणि मिशांच्या मधल्या पेरांवर काळ्या केसांचे झुपके! हंगेरीतल्या डुना-इपोय राष्ट्रीय उद्यानाने बोधचिन्हावर त्यालाच बसवलंय, ते अगदी योग्य केलं.

बुक्सबाउमिया विरिडिस हे शेवाळ मात्र कुणी बोट दाखवल्याशिवाय नजरेस पडायचं नाही. त्याला पानं जवळजवळ नाहीतच. कुजक्या खोडावर दिसते ती आखूड देठावरची हिरवी बोंडी, गव्हाच्या दाण्याएवढी, वरच्या अंगाला जराशी चपटी, आणि ती चपटी बाजू उजेडाकडे वळलेली. पुढे तिची वरची साल सोलून निघते आणि बीजाणू मोकळे होतात. पण तोवर ती टिकली पाहिजे. गोगलगायींनी बोंड्या फस्त केल्या की मागे नुसते देठ उरतात.

दोघांनाही मेलेलं झाडच लागतं, म्हणून मी त्यांची नावं एका दमात घेतो. पण रोझालियाच्या मादीला अंडी घालायला उन्हात तापणारं, अजून टणक असलेलं लाकूड हवं, तेही बहुतेकदा बीच या झाडाचं. अळी आत दोन-तीन वर्षं, कधी जास्तही, लाकूड पोखरत वाढते. शेवाळाला सावली हवी, ओल हवी आणि स्प्रूस किंवा फर या सूचिपर्णी झाडांचं इतकं कुजलेलं खोड हवं, की नखाने सहज उकरता यावं. तेवढं कुजायला वर्षानुवर्षं जातात. शिवाय ते खोड एक दिवस मातीत मिसळणारच, तेव्हा जवळपास दुसरं तयार हवं. त्यामुळे कुठेतरी चार ओंडके ठेवले की जबाबदारी संपली, हे मला मुळीच पटत नाही. उन्हातलं उभं वठलेलं झाड हवं आणि ओलसर घळीत पडलेलं खोडही हवं.

1992च्या युरोपीय अधिवास निर्देशात, म्हणजे जीव आणि त्यांच्या राहण्याच्या जागा जपण्याच्या युरोपीय संघाच्या कायद्यात, दोघांचीही नावं आहेत. तरीही तोडलेली बीचची लाकडं उन्हाळाभर जंगलात रचून ठेवलेली असतात, याचा मला संताप येतो. मादीला ती रास आयती जागा वाटते. ती फटींत अंडी घालते, नंतर गाडी येते आणि अळ्यांसकट लाकडं जळणाला जातात. भुंगेरे उडू लागायच्या आत, जूनपूर्वीच, ही लाकडं जंगलाबाहेर न्यावीत. जमत नसेल, तर निदान दाट सावलीत रचावीत.