चतुःसीमा

शोधायला बसलो पणजोबा आणि सापडले शेजारी, असं झालंय माझं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मलप्रभा नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत आमचं जुनं घर, त्याचं खरेदीखत काकांनी ट्रंकेतनं काढून दिलं. वर पाचव्या जॉर्जचं मुंडकं, म्हणजे १९१० ते १९३६ मधला कधीतरीचा कागद, आणि खाली सगळं मोडी. ओळखीतल्या एका रिटायर गुरुजींना मोडी येते, त्यांनी भिंग लावलं तर पणजोबांचं नाव नेमकं घडीवर, आणि घडी कसरीनं खाल्लेली! "जी बिन" एवढंच शिल्लक, म्हणजे कोणीतरी 'जी', अमक्याचा मुलगा. चतुःसीमा मात्र झक्क. पूर्वेस शिंप्याचं घर, पश्चिमेस कुंभाराची भिंत, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस नदीची वाट. म्हणजे आमचा माणूस गायब आणि त्याच्या चारी बाजू शाबूत.

नंतरचे कागद बघावे तर १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि उतारे कन्नडात झाले, त्यात आज्ज्याच्या नावाला कुठनंतरी एक 'प्पा' चिकटलाय. खरं तर हे सगळं हेळव्याला, म्हणजे दारोदार फिरून वंशावळ सांगणाऱ्याला, तोंडपाठ असायचं. बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा आणि सुपातनं जोंधळे घेऊन जायचा. आईला विचारलं, आता येत नाहीत काय गं ते? तर म्हणाली, "आले होते की दोन वर्षांमागं, मोटरसायकलवरनं. तूच सेल्समन समजून घालवलास." आता काय बोलणार.

मग गेलो कुंभाराच्या घरी. खानापूरच्या मातीची कौलं, मडकी लांब लांबवर जायची तेव्हाचं घराणं, आता चाक नाही, पोरं पुण्याला. आज्जी नव्वदीच्या. मी कागद दाखवायच्या आधीच म्हणाल्या, "तू पागोळ्यावाल्याचा पणतू काय?"

मला काही कळेना. तर म्हणे आमच्या पणजोबांच्या छपराच्या पागोळ्या ह्यांच्या भिंतीवर पडायच्या, आणि खानापूरचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितेय, चार महिने धार, भिंत मातीची, कच्ची मडकी आतनं लावलेली ती भिजायची. ह्यांचे आजेसासरे रोज सकाळी दारात उभं राहून शिव्या द्यायचे आणि पणजोबा आतनं ओ द्यायचे. नाव? आज्जींनी बराच वेळ आठवून बघितलं. "नाव कोण घेतंय बाबा, आमच्याकडं पागोळ्याच म्हणायचे." मग चहा झाला, वर लाडू खायला लावला. कुठल्याच दप्तरात नसलेली एवढी एक गोष्ट मिळाली आणि तीही भांडणाची, मला तर लई आवडली.

निघताना आज्जींनी हळूच विचारलं, "अजून पडतंय काय रे पाणी?"

आता कुठली कौलं, स्लॅब टाकून पंधरा वर्षं झाली, असं सांगून आलो. पण येताना गल्लीतनं वर बघितलं तर स्लॅबच्या पाण्याची पीव्हीसी पाईप बाहेर आलीय, आणि तिचं तोंड त्यांच्याच भिंतीकडं.